गन्ना टॉवरचा लाल दिवा

पुन्हा ते दिवस आलेत. सकाळी गॅलरीचं दार उघडावं तर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी तेवढी दिसते, तिच्यापलीकडे सगळं पुसलेलं. पौष लागला की भाईंदरात असंच होतं. याला धुकं म्हणायला जीभ धजत नाही, कारण धुक्याला निदान गारवा असतो. हे नुसतं घशात बसतं, आणि रेलिंगवर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, त्याला 'पौषातलं पिठलं' म्हणतो आणि स्वतःच हसतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हसायचे. आता ते पिठलं पसरायला लागलं की संध्याकाळी पावणेसातला हातातलं काम टाकून मी गॅलरीत तिसऱ्या लादीवर जाऊन उभी राहते.

कशासाठी, ते सांगायचं तर आधी ऊस सांगायला हवा.

हा ऊस खायचा नव्हे. हायवेच्या बाजूला, घोडबंदरच्या डोंगरांच्या अलीकडे, एक टॉवर उभा राहिला. आमच्या शहरात टॉवर काही नवे नाहीत, पण ते सगळे एका उंचीचे, एका रंगाचे, शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे. हा मात्र सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेला आणि वर जाऊन त्याचं डोकं तिरकं छाटलेलं. होर्डिंगवर चित्र लागलं तेव्हा लोकांना वाटलं, छापताना कागद फाटला असावा. मग खरंच तसा तो वर यायला लागला. रिक्षावाल्यांनी त्याचं बारसं करून टाकलं. "किधर जाना है, गन्ना टावर?" बिल्डरनं ठेवलेलं भलंमोठं इंग्रजी नाव कोणाच्या तोंडात बसलंच नाही.

त्या वर्षभर शहरात दुसरा विषय नव्हता. मजले किती, यावर भाजीच्या गाडीपाशी भांडणं व्हायची. कोणी बावन्न म्हणायचं, कोणी साठ. खाली उभं राहून मोजणाऱ्यांचा आकडा मध्येच चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या वरच्या मजल्यावरचे जिग्नेशभाई रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकायचे, खाली हात जोडलेले. "आता आपणु मीरा-भाईंदर पण मुंबईच झाला, समजला ना?" असं ते मला जिन्यात अडवून सांगत. तळमजल्यावरच्या पवारकाकू मूळच्या चिपळूणकडच्या. त्यांना पहिल्यापासून एकच काळजी. "आपल्याकडे एक दिवसाआड पाणी येतंय. एवढ्या उंच पाणी चढवणार कुठनं हे? आपल्याच टाकीतनं ना?" कोणी म्हणायचं, तो वाकतोय. कोणी म्हणायचं, त्यामुळे घारी बिथरल्यात. पुलावर संध्याकाळी माणसं स्कूटर बाजूला लावून नुसती वर बघत उभी राहायची. आनंदात होती की धास्तावलेली, हे त्यांच्या तोंडांवरून कळत नसे. बहुधा दोन्ही. आपल्या डोक्यावर कोणीतरी काहीतरी मोठं करतंय, आणि आपल्याला विचारलेलं नाही, हे ज्याला त्याला आतून टोचत होतं.

मला मात्र तो आवडायचा. हे मी कोणाला सांगत नसे. आमच्या स्टाफरूममध्ये टॉवरला नावं ठेवणं हे सुशिक्षितपणाचं लक्षण होतं, म्हणून मीही ठेवायचे. पण लग्न होऊन गिरगावातून मी इथं आले तेव्हा या गॅलरीतून समोर डोंगर दिसायचा, नुसता, लांबलचक, कंटाळवाणा. सासूबाईंना तो फार प्रिय. मला तो बघून गिरगावची आठवण यायची आणि रडू यायचं. इतक्या वर्षांनी त्या डोंगरावर बघण्यासारखं काहीतरी उगवलं होतं. संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी गॅलरीत येई, तेव्हा त्याच्या माथ्यावर एक लाल दिवा लागलेला असे. समोरच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यावर तो बरोब्बर बसायचा. हवेत इतकं पिठलं कालवलेलं असे की डोंगर दिसत नसे, टॉवरही धड दिसत नसे, पण तो दिवा दिसायचा. मला उगीच सोबत वाटायची.

आता फिलूचं सांगते. फिलू, म्हणजे फिलोमिना, उत्तनजवळच्या चौकची. बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला तिची पाटी आमच्या दारात उतरते, गेली वीस वर्षं. रविवारी तिचं चर्च, त्यामुळे रविवारचे पाहुणे आम्ही शुक्रवारच्या माशांवर निभावतो. माझं तिच्याशी भांडण होतं, भावावरून नाही, तर मी तिच्याकडून काटे कसे काढायचे ते अजून नीट शिकले नाही म्हणून. "तू टीचर कशी झाली गं बाय?" असं ती विचारते. मी भूगोल शिकवते. वर्गात, दारात, जिन्यात, कोणी काही विचारलं की उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत मी उत्तर देते. घरात मला त्यावरून चिडवतात. मी ते कौतुक समजत असे.

फिलूचा नवरा बस्त्याव. त्याला मी तोवर दोनदाच पाहिलं होतं. छोटी होडी, सोबतीला मेव्हणा इनास. दुपारी जायचं आणि दिवस बुडता बुडता परत यायचं. चौकला शिरताना पाण्याखाली दोन खडक आहेत आणि त्यांच्यामधून होडी आणायची तर वाट अरुंद. ती कशी सापडते, हे फिलूनं मला एकदा बोंबील साफ करता करता समजावलं होतं. किनाऱ्याच्या खडकावर एक पांढरा क्रूस आहे. त्याच्या मागं, दूर, घोडबंदरच्या डोंगराला एक खाच आहे. क्रूस आणि खाच एकावर एक आली की समजायचं, आपण वाटेत आहोत. खाच उजवीकडे सरकली की होडी चुकली, डावीकडे सरकली तरी चुकली. बस्त्यावला हे त्याच्या बापानं शिकवलं, बापाला त्याच्या बापानं. मुलानं होडीवर वाट दाखवणारं जीपीएसचं मशीन बसवून दिलं होतं, पण फिलूच्या म्हणण्याप्रमाणे, "ते सांगते तवर दगड आलेला असतो."

मला तेव्हा गंमत वाटली होती. आमच्या गॅलरीतून टॉवर डोंगराच्या पाठीवर मधोमध दिसायचा. समुद्रातून बघितलं तर तो नेमका त्या खाचेत उभा होता. आम्ही इकडे मजले मोजत होतो आणि तिकडे त्यानं चौकवाल्यांची खूण बुजवून टाकली होती. त्यात हे पौषाचे दिवस, डोंगर असून नसल्यासारखा.

त्या वर्षी एका बुधवारी फिलूनं पाटी उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "बाय, तुमच्या त्या गन्न्यावर लाल दिवा लागतो ना? तो आता तसाच र्‍हानार काय गं?"

"राहणार म्हणजे काय, राहणारच," मी म्हटलं. "एवढ्या उंच इमारतीवर लावावाच लागतो. विमानांसाठी. तो आता कायमचा."

"नक्की?"

"नक्की. लिहून देऊ का?"

"न्हाय गं, बस्त्याव इचारत व्हता," असं म्हणून ती हसली. मीही हसले. मी चार मांदेली जास्त मागितली, तिनं दिली. इतकं साधं झालं होतं ते सगळं. मला नंतर कित्येकदा वाटलं की त्या क्षणी दूध उतू गेलं असतं, फोन वाजला असता, काहीही झालं असतं तर बरं होतं.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी मी नेहमीसारखी कप घेऊन गॅलरीत आले. वारा जरा वेगळा होता, दोरीवरचे टॉवेल सगळे उजवीकडे फडफडत होते. मी समोर बघितलं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दिवा टाकीच्या डाव्या कोपऱ्यावर नव्हता. चांगला वीतभर उजवीकडे गेला होता. मी प्रकाशला हाक मारली. तो म्हणाला, "तू सरकली असशील." मी सरकून पाहिलं. मग वाटलं, टाकीला नवीन सिमेंट लावलंय, तिचा कोपरा बदलला असेल. माणूस स्वतःचं मन किती पटकन राजी करतो! मी आत गेले आणि भाजी फोडणीला टाकली.

शुक्रवारी फिलू आली नाही. सात वाजले, साडेसात वाजले, आठ झाले. वीस वर्षांत ती न सांगता चुकली असेल ती तीन-चारदाच. फोन लावला, तो बंद. पवारकाकू खाली कोथिंबीर निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "लग्नबिग्न असेल त्यांच्याकडे." मी शाळेत गेले, पण मन ठिकाणावर नव्हतं.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी सहज बोलून गेले की टॉवरवरचा दिवा काल सरकलेला दिसला. आमच्याच आवारात उर्दू शाळा आहे, तिथली शबाना माझ्या शेजारी डबा खाते. ती नया नगरला राहते. तिनं घास तोंडात असतानाच मान हलवली.

"अरे मॅडम, वो बिल्डिंग का नहीं, क्रेन का लाईट है. मेरा भाई चलाता था ना दुबई में. शाम को काम बंद हुआ, तो क्रेन का हात खुला छोड देते हैं. हवा जिधर ले जाए. बांध के रखो तो तूफान में पूरी क्रेनच पडेल."

"म्हणजे तो दिवा फिरतो?"

"फिरेगा ही ना. अभी तो बिल्डिंग बनी कहाँ है पुरी, लाईट लगाएंगे किधर?"

मी डबा मिटला. सातवीच्या वर्गात मी दर वर्षी फळ्यावर किनारा काढते, दिवसाचे खारे वारे निळ्या खडूनं, रात्रीचे मतलई वारे पिवळ्या खडूनं, आणि बाण काढून सांगते की वारा फिरतो. थंडीत मधूनच उत्तरेचा वारा सुटतो, हेही सांगते. आदल्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर टॉवेल उजवीकडे उडत होते आणि दिवाही उजवीकडे गेला होता. इतकी वर्षं मी मुलांना जे शिकवलं, ते माझ्याच गॅलरीत माझ्यासमोर घडलं आणि मला दिसलं नाही. आणि मी म्हणाले होते, लिहून देऊ का.

पुढचे दोन तास मी हेडबाईंना सांगून सोडले आणि स्टेशनसमोरून चौकची बस पकडली. तो रस्ता मला कधी एवढा लांब वाटला नव्हता. मीठ काढायची जुनी खाचरं, तिवरं, मग चढ, मग उतार. बसमध्ये दोन बायका गन्ना टॉवरबद्दलच बोलत होत्या. एकीच्या भाच्यानं तिथं बुकिंग केलं होतं. "समुद्र दिसतो म्हणे वरून," ती कौतुकानं सांगत होती. मला एकदम ओरडावंसं वाटलं की अहो, समुद्रातूनही तो दिसतो. मी खिडकीबाहेर बघत राहिले. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, पण सगळं कबूल केलं.

चौकला बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, रांगांमागून रांगा, तोंडात तोंड अडकवलेले. फिलूच्या दारात सात-आठ चपला दिसल्या आणि माझे पाय जागेवर थांबले. दारात चपला जमतात ते कधी, हे काय कोणाला सांगायला हवं? आतून बोलण्याचा आवाज येत होता. रडण्याचा येतोय का, म्हणून मी कान दिला. येत नव्हता. तरी आत जायला मला किती वेळ लागला, ते माझं मला माहीत.

बस्त्याव खाटेवर बसला होता. उजवा खांदा पट्ट्यांनी गळ्याशी बांधलेला, ओठ सुजलेले, पण बसला होता. मला पाहून शेजारच्या माणसांनी जागा केली. काय झालं ते इनासनंच सांगितलं. संध्याकाळी परतताना खाच दिसेना, म्हणून बस्त्यावनं क्रूस आणि लाल दिवा जुळवला आणि होडी आत घातली. जुळलेलं अगदी बरोबर होतं. आणि होडी सरळ खडकावर गेली. फळ्या फुटल्या. बस्त्याव आपटला, त्याचं खांद्याचं हाड मोडलं. दोघं खडकाला धरून गळ्याएवढ्या पाण्यात तास-दीड तास होते, वर भरती चढत होती. मागून येणाऱ्या एका होडीनं इनासची हाक ऐकली म्हणून ते आज या खोलीत होते.

"आठ दिवस बघितलेला मी तो दिवा," बस्त्याव माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला. बोलताना त्याला दुखत होतं. "रोज संध्याकाळचा तितंच. नवव्या दिवशी हलला. हलनाऱ्या वस्तूवर खूण धरायची न्हाय, बापानं सांगितलेलं. चूक माजी हाय, बाय. दुसऱ्या कुनाची न्हाय."

एरवी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी मी, त्या खोलीत माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. फिलूनं मला चहा दिला. कप देताना तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला खात्री पटली की तिनं माझं नाव सांगितलेलं नाही. निघताना तिनं माझ्या पिशवीत सुक्या बोंबलांचा पुडा घातला. नको नको म्हटलं तरी घातला. तो पुडा आमच्या डब्यात कितीतरी महिने पडून होता. मला तो करवेना आणि टाकवेना.

त्या हंगामात बस्त्याव पुन्हा समुद्रावर गेला नाही. पुढच्याही गेला नाही. फिलू दुसऱ्यांच्या होडीतले मासे विकत घेऊन आणायची. ती कधी त्याबद्दल बोलली नाही, मीही नाही. दारात बसून ती मासे कापायची आणि मी ताट धरून उभी राहायचे, आणि आमच्यामध्ये तो दिवा असायचा. किती बुधवार ठरवलं की आज सांगायचं, बस्त्यावला सांग म्हणायचं की ते मीच सांगितलं होतं. मग फिलू "बाय, हळद हाय काय घरात?" असलं काहीतरी विचारायची आणि माझा धीर जायचा. भित्रेपणाच तो. दुसरा शब्द नाही.

शहर मात्र पुढे गेलं. ऊस पुरा झाला. त्याच्या तिरक्या माथ्यावर काचा बसल्या, क्रेन उतरली, त्या दिवशी पुलावर पुन्हा माणसं जमली. जिग्नेशभाईंनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. पवारकाकूंच्या नळाला पाणी पूर्वी जितकं कमी येत होतं तितकंच कमी येतं, पण आता शिव्या खायला त्यांना कोणीतरी मिळालंय. मुलं शाळेत आमच्या शहराचं चित्र काढतात तेव्हा पूर्वी खाडी काढायची, पूल काढायची. आता एक तिरका कापलेला ऊस काढतात आणि वर लाल ठिपका. तो ठिपका पाहिला की मी वही पटकन मिटते.

आणि मी टिकली लावली. खरं तर फार साधी गोष्ट. गॅलरीच्या सरकत्या काचेला मी एक काळी टिकली चिकटवली. भिंतीपासून तिसऱ्या लादीवर दोन्ही पाय जुळवून उभं राहिलं, की टॉवरच्या माथ्यावरचा नवा दिवा टिकलीच्या बरोबर वर येतो. रोज संध्याकाळी पावणेसातला मी बघते. आधी प्रकाशनं चेष्टा केली. मग एका संध्याकाळी मला ताप होता, तेव्हा हा आपणहून तिसऱ्या लादीवर उभा राहून आला आणि म्हणाला, "आहे. जागेवर आहे." मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी तोंडावर पांघरूण घेतलं.

यंदा पौष लागायच्या आधीच उसाच्या शेजारी दुसरं काम निघालं. तसलाच, जोडीचा. बघता बघता क्रेन वर आली, आणि क्रेनच्या हाताच्या टोकाला दिवा लागला. आता समोर दोन लाल दिवे आहेत. डोंगर नाही, टॉवर नाही, नुसते दोन दिवे, आणि मध्ये हे पिठलं. मी काचेला दुसरी टिकली लावली. पहिली टिकली आणि तिच्यावरचा दिवा तीन आठवड्यांत हललेले नाहीत. दुसरीवरचा दिवा कधी तिच्यावर असतो, कधी वीतभर पलीकडे.

गेल्या बुधवारी फिलू आली. पाटीत पापलेटं होती, बारकी, पण ताजी. ती म्हणाली, "घरच्या होडीची हायत." मी चमकून बघितलं. खांदा बरा झालाय, होडीला नव्या फळ्या मारल्यात, इनास आणि तो पंधरा दिवसांपासून पुन्हा जातात. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या मागोमाग भीती इतकी धावत आली की आनंदाला बसायला जागा उरली नाही.

फिलूनं विळी पुढ्यात ओढली आणि खवलं काढता काढता म्हणाली, "बाय, आता दोन दिवे दिसतात. बस्त्याव इचारतो, बिल्डिंगचा कुठला आन क्रेनचा कुठला?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. डावीकडचा. मला या वेळी ते खरोखर माहीत होतं, तीन आठवडे रोज बघितलेलं होतं. डावीकडचा, पण कुठून? माझ्या गॅलरीतून टॉवर डोंगराच्या पाठीवर दिसतो आणि त्याच्या होडीतून खाचेत दिसतो. माझं डावं ते त्याचं डावं असेलच कशावरून?

"फिलू," मी म्हटलं, आणि मग दोन वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. "मागच्या वेळी ते मीच सांगितलं होतं ना तुला. दिवा राहणार म्हणून. लिहून देऊ का म्हणाले होते मी. तू त्यांना माझं नाव सांगितलं नाहीस. ते बिचारे स्वतःची चूक म्हणून बसलेत. त्यांना सांग. नाहीतर मी येऊन सांगते."

फिलूचा हात थांबला नाही. "त्याला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय?"

"पयल्यापासून ठाव हाय. मीच बोललेली त्याला, टीचरबाय बोलली म्हनून. नायतर तो कुनाच्या बोलन्यावर खूण धरतो काय गं?"

म्हणजे त्या दिवशी खाटेवरून, सुजलेल्या ओठांनी, माझ्याकडे बघत, त्यानं ते मुद्दाम म्हटलं होतं. दुसऱ्या कुनाची न्हाय. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

"आणि तरी पुन्हा मलाच विचारतो?"

"तुलाच इचार बोलला." फिलूनं पापलेट उलटं केलं. "बोलला, ती आता बघून सांगंल."

मी तिला डावीकडचा म्हटलं नाही, उजवीकडचाही नाही. मी शनिवारी येऊन बघते, तोवर दिव्यावर खूण धरू नका, उजेडात परत या, एवढाच निरोप दिला. शनिवारी शाळा सुटल्यावर चौकची बस पकडली. जेट्टीच्या टोकाला बस्त्याव उभा होता, खांदा थोडा वाकडा बसलेला. दिवस बुडत होता. क्रूस पांढरा दिसत होता, आणि त्याच्या मागं, काही नसलेल्या जागेत, दोन लाल दिवे.

"कुठला?" त्यानं विचारलं.

मी दोन्ही दिव्यांकडे बघितलं. पदर कुठल्या बाजूला उडतोय तेही बघितलं.

"थांबा," मी म्हटलं. "वारा फिरू द्या."

त्यानं मान डोलावली, आणि आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.